दफा आणि नजीर

प्रश्न : मी नांदेडला कायद्याच्या पहिल्या वर्षाला शिकतो. वर्गात 'कॉमन लॉ' आणि 'स्टॅट्युटरी लॉ' हे शब्द रोज कानावर पडतात. घरी वडिलांनी विचारलं, 'कॉमन लॉ म्हणजे तो समान नागरी कायदाच ना?' मला नीट सांगता आलं नाही. फरक सोप्या मराठीत सांगाल का?
– एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : वडिलांचा गोंधळ शब्दामुळं झालाय, आणि तो पुष्कळांचा होतो. समान नागरी कायदा म्हणजे लग्न, घटस्फोट, दत्तक, वारसा यांसाठी सर्व धर्मीयांना एकच कायदा. राज्यघटनेच्या अनुच्छेद 44 मध्ये त्याचा उल्लेख आहे. कॉमन लॉचा त्याच्याशी काही संबंध नाही.

मी अंबाजोगाईच्या कोर्टात ज्युनियर म्हणून लागले ते 1993 साल. माझे सीनियर तेव्हा सत्तरीला आलेले, निजामाच्या काळात उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून कायदा शिकलेले. पक्षकार कागदांची पिशवी टेबलावर ठेवून बोलायला लागला की ते सगळं शांतपणे ऐकून घेत आणि मग माझ्याकडं वळून दोनच गोष्टी विचारत : 'दफा कोणती? नजीर काय?' दफा म्हणजे कलम. नजीर म्हणजे तशाच प्रकरणात वरच्या कोर्टानं आधी देऊन ठेवलेला निकाल. आज आम्ही 'सेक्शन' आणि 'सायटेशन' म्हणतो, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या दोन जुन्या शब्दांतच जास्त स्वच्छ दिसतं.

दफेचा कायदा संसद किंवा विधिमंडळ करतं. विधेयक येतं, चर्चा होते, मतदान होतं, राष्ट्रपतींची किंवा राज्यपालांची सही होते आणि राजपत्रात छापलं जातं. कुणाचंही भांडण समोर नसताना, पुढच्या सगळ्यांसाठी म्हणून तो केलेला असतो. हाच स्टॅट्युटरी लॉ. नजीर येते ती भांडणातून. दोन माणसं कोर्टात उभी राहतात, न्यायाधीश निकाल देतात, आणि त्या निकालामागचं कारण पुढच्या तशाच भांडणाला लागू होतं. असे निकालावर निकाल साचत जो कायदा तयार झाला, तो कॉमन लॉ.

त्याचं मूळ इंग्लंडमध्ये. दुसऱ्या हेन्री राजाच्या काळात, म्हणजे 1154 ते 1189 या वर्षांत, राजाचे न्यायाधीश गावोगाव फिरून निवाडे करू लागले. तोवर प्रत्येक मुलखाची रूढी वेगळी होती. या फिरत्या न्यायाधीशांच्या निवाड्यांतून हळूहळू साऱ्या राज्याला सारखा लागणारा कायदा आकाराला आला, म्हणून तो 'कॉमन'. आपल्याकडं सामाईक विहीर म्हणतो ना, तसा सामाईक. तिथं ही पद्धत इतकी मुरली आहे, की खून म्हणजे काय याची व्याख्या आजही ब्रिटिश संसदेच्या कुठल्याही कायद्यात नाही. ती न्यायाधीशांच्या निकालांतूनच आलेली आहे. आपल्याकडं हे चालत नाही. खुनाची व्याख्या 1860 च्या दंड संहितेत होती, 1 जुलै 2024 पासून ती भारतीय न्याय संहितेच्या कलम 101 मध्ये आहे. जे कृत्य घडलं तेव्हा कुठल्याच अंमलातल्या कायद्यानं गुन्हा नव्हतं, त्याबद्दल कुणाला शिक्षा देता येत नाही. अनुच्छेद 20 तसं बजावतो.

सीनियरांच्या ऑफिसात दोन लोखंडी कपाटं होती. एकात कायद्यांची पुस्तकं. दुरुस्ती आली की ते छापील मजकूर कात्रीनं कापायचे आणि जुन्या ओळींवर डिंकानं चिकटवायचे. काही पुस्तकं अशा चिठ्ठ्यांनी फुगून दुप्पट जाड झाली होती. दुसऱ्या कपाटात निकालांचे खंड. तिथं डिंकाला मनाई होती. एखादा निकाल मोठ्या पीठानं फिरवला, तर समासात लाल पेन्सिलनं नव्या निकालाचं साल आणि पान लिहायचे, बस. जुना निकाल, त्यातली न्यायाधीशांची कारणं, सगळं वाचता येण्याजोगं तसंच राही. दफा बदलली की जुने शब्द गेले. नजीर मात्र बदलल्यावरही दिसत राहते आणि पुढचा न्यायाधीश तिच्याशी वाद घालतो.

या दोन्हींत टक्कर झाली तर दफा वरचढ. हे मी फार वाईट रीतीनं शिकले. 1996 मध्ये एका म्हातारीच्या अर्जाला मी एक चांगला निकाल जोडला होता. ज्या कलमावर तो निकाल होता, त्याचे शब्द निकालानंतर बदललेले होते आणि मी चिठ्ठी उलटून पाहिली नव्हती. समोरच्या वकिलांनी दुरुस्ती दाखवली, अर्ज फेटाळला गेला. नव्यानं अर्ज करायला त्या बाईंना पुन्हा तीन वेळा एसटीनं यावं लागलं. त्यांचा चेहरा मी विसरलेले नाही. तुम्ही वकील व्हाल तेव्हा निकालाच्या तारखेआधी कलमाची तारीख बघा.

आता आपल्या देशाचं. इंग्रजांनी इथं आल्यावर पुष्कळशा नजिरांच्याच दफा करून टाकल्या : 1872 चा करार कायदा, 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. काही भाग मात्र कलमांत बसवलाच गेला नाही. दुसऱ्याच्या निष्काळजीपणानं झालेलं नुकसान, उपद्रव, बदनामीची भरपाई हा सगळा अपकृत्यांचा कायदा आजही मुख्यतः नजिरांवर चालतो. मागे माझ्याकडं एक शेतकरी आले. शेजाऱ्याच्या शेततळ्याचा भराव फुटून त्यांचा दोन एकर कापूस वाहून गेला होता. 'कोणत्या कलमाखाली?' असं त्यांनी विचारलं. असं कलम नाही. अशा वेळी वकील इंग्लंडमधल्या 1868 च्या रायलँड्स विरुद्ध फ्लेचर या निकालापाशी जातो. गिरणीमालकानं बांधून घेतलेल्या तलावाचं पाणी शेजारच्या खाणीत शिरलं होतं. स्वतःच्या जमिनीवर धोक्याची वस्तू साठवली आणि ती सुटली, तर चूक नसली तरी भरपाई द्या, असं तिथं ठरलं.

पण हा निकाल उचलून जसाच्या तसा इथं लावता येत नाही. मद्रास रेल्वे कंपनीनं एका जमीनदाराविरुद्ध केलेल्या दाव्यात, तळी फुटून रेल्वेचं नुकसान झालेलं असताना, प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे इंग्रजी अमलात लंडनला असलेल्या सर्वांत वरच्या अपील कोर्टानं, 1874 मध्ये सांगितलं की या देशात तळी ही शेतीची आणि लोकांची गरज आहे, पिढ्यान् पिढ्या ती राखली जातात, तेव्हा निष्काळजीपणा दाखवल्याशिवाय जमीनदार जबाबदार नाही. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. नजीर माती बघून लावायची असते हे त्यात स्पष्ट आहे. म्हणून त्या शेतकऱ्यांना मी आधी भरावाचे फोटो मागितले, सांडवा काढला होता का ते विचारलं.

एवढं आणखी लक्षात ठेवा : सर्वोच्च न्यायालयानं घोषित केलेला कायदा अनुच्छेद 141 मुळं देशातल्या सर्व न्यायालयांवर बंधनकारक आहे. आपल्या उच्च न्यायालयाचा निकाल, मग तो मुंबईत झालेला असो की 27 ऑगस्ट 1981 पासून काम करणाऱ्या औरंगाबाद खंडपीठात, महाराष्ट्रातल्या खालच्या कोर्टांना पाळावा लागतो. दुसऱ्या राज्याच्या उच्च न्यायालयाचा निकाल वाचून दाखवता येतो, पण तो बांधत नाही. आणि निकालातलं प्रत्येक वाक्य नजीर नसतं. ज्या कारणावर निकाल टिकतो तेवढंच बांधतं, बाकीचं न्यायाधीशांचं जाता जाता केलेलं भाष्य.

प्रश्न : माझं लग्न 1991 ला झालं. वडील 2003 मध्ये वारले. मृत्युपत्र नाही, वाटणी झालेली नाही. माहेरी वडिलोपार्जित नऊ एकर कोरडवाहू जमीन आहे, आई आणि एक भाऊ आहेत. 2016 ला वकिलांना विचारलं तर म्हणाले, 'तुमच्या वाट्याला एक एकर येईल.' आता दुसरे वकील तीन एकर म्हणतात. मधल्या काळात कायदा बदलला नाही असं दोघंही सांगतात. मग खरं कुणाचं?
– एक वाचक भगिनी, ता. केज

उत्तर : ताई, दोघांनीही तुम्हाला आपापल्या वेळेपुरतं खरं सांगितलं. दफा तीच राहिली, नजीर बदलली.

जन्मानंच वडिलोपार्जित जमिनीत हक्क, हा नियम मुळात संसदेनं केलेला नाही. तो मिताक्षरेतला. चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळात विज्ञानेश्वरांनी याज्ञवल्क्यस्मृतीवर ही टीका, म्हणजे अर्थ उलगडणारं भाष्य, लिहिली, ती कल्याणीला, म्हणजे आपल्या उमरग्याच्या पलीकडच्या बसवकल्याणला. इंग्रजी अमलात कोर्टांनी तीच प्रमाण धरून निकाल दिले. हा हक्क फक्त मुलांचा होता. 1994 मध्ये महाराष्ट्रानं तो मुलींनाही दिला, पण 22 जून 1994 च्या आधी लग्न झालेल्या लेकींना वगळलं. तुम्ही त्यात सापडलात. मग केंद्राची दुरुस्ती आली, 9 सप्टेंबर 2005 पासून. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 6 मध्ये मुलगी मुलासारखीच जन्मतः सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मानंच वाटेकरी, झाली, लग्न कधी झालं याची अट न ठेवता.

पण त्या दिवशी वडील हयात असायला हवेत का? कलमात याचं थेट उत्तर नव्हतं. 2015 मध्ये प्रकाश विरुद्ध फुलवती या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, हवेत. तुमचे वडील 2003 ला गेलेले, म्हणून 2016 च्या वकिलांनी जुना हिशेब केला : कागदोपत्री वाटणी धरून वडील, आई आणि भाऊ यांना तीन-तीन एकर, आणि वडिलांच्या तीन एकरांत आई, भाऊ आणि तुम्ही असे तिघं वारस, म्हणून तुम्हाला एक. 2018 मध्ये दनम्मा विरुद्ध अमर या प्रकरणात त्याच न्यायालयानं 2001 ला वडील वारलेल्या मुलींना हिस्सा दिला. दोन निकाल एकमेकांना छेद देत होते. खालच्या कोर्टांनी कुणाचं ऐकायचं? शेवटी तीन न्यायमूर्तींच्या पीठानं 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या प्रकरणात ठरवलं की हक्क जन्मानं येतो, तेव्हा 2005 ला वडील हयात असण्याची अट नाही.

आता हिशेब असा : वडील, आई, भाऊ आणि तुम्ही, चौघांना सव्वादोन-सव्वादोन एकर. वडिलांचे सव्वादोन तिघा वारसांत, म्हणजे प्रत्येकी पाऊण एकर. सव्वादोन आणि पाऊण, तीन एकर. आईलाही तीन, भावालाही तीन.

दोन गोष्टी तपासा. 20 डिसेंबर 2004 पूर्वी नोंदणीकृत वाटणी किंवा विक्री झालेली असेल तर ती मोडत नाही. भाऊ तोंडी वाटणी झाली होती म्हणत असेल, तर त्याच 2020 च्या निकालानं सांगितलंय की नुसत्या तोंडी दाव्यावर विश्वास ठेवायचा नाही, तसे सरकारी कागद हवेत. दुसरं, तुम्ही हक्कसोडपत्रावर सही केली आहे का? दुय्यम निबंधकांकडं नोंदवलेलं असेल तर वेगळा विचार करावा लागेल. पण भाऊबीजेला आलेल्या बहिणीकडून तलाठ्यासमोर जबाब घेऊन सातबाऱ्यावरचं नाव कमी केलं, एवढंच झालं असेल तर घाबरू नका. फेरफारानं मालकी जात नाही. दर दिवाळीनंतर माझ्याकडं अशा बहिणी येतात आणि 'भाऊ तुटेल' म्हणून परत जातात. तुम्ही भावाला आधी हा हिशेब कागदावर मांडून दाखवा, आईला शेजारी बसवून.

प्रश्न : सर्वोच्च न्यायालयानं बंद केलेला शंकरपट सरकारनं पुन्हा सुरू कसा केला? सरकार कोर्टापेक्षा मोठं आहे का?
– एक शेतकरी, जि. हिंगोली

उत्तर : 7 मे 2014 च्या निकालात न्यायालयानं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचा अर्थ लावला आणि बैलांच्या शर्यती त्यात बसत नाहीत असं ठरवलं. असा निकाल 'आम्हाला मान्य नाही' म्हणून विधिमंडळाला पुसता येत नाही. पण निकाल ज्या शब्दांवर उभा आहे, ते शब्द बदलता येतात. महाराष्ट्रानं 2017 मध्ये तेच केलं, राष्ट्रपतींची संमती घेऊन. त्यालाही आव्हान मिळालं, शर्यती थांबल्या, 16 डिसेंबर 2021 ला न्यायालयानं परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं तामिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. तेव्हा मोठं कोण असं नाही बघता येत. कायदा करणं विधिमंडळाकडं, आणि तो घटनेत बसतो का हे सांगणं कोर्टाकडं. पट भरवताना मात्र परवानगीची प्रत जवळ ठेवा आणि बैलाला चाबूक, टोचणी लावू नका. ती सूट अटींवर मिळालेली आहे.

प्रश्न : माझा भाऊ, वय 34, ऊसतोडीला जाताना दिवाळीनंतर दहा दिवसांनी ट्रकच्या धडकेत गेला. मागं बायको, दोन लेकरं आणि आमची आई. पगारपत्रक काही नाही. एक जण म्हणतो पाच लाख मिळतील, दुसरा वीस-पंचवीस लाख. कायद्यात नक्की किती लिहिलंय?
– एक वाचक, ता. वडवणी

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दोन्ही आकडे कुठून आले ते सांगते.

पाच लाख हा दफेचा आकडा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 मध्ये मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख असं थेट छापलेलं आहे. चूक कुणाची हे सिद्ध करावं लागत नाही. पण आकडा कायद्यानंच बांधल्यामुळं न्यायाधीशांना या कलमाखाली तो वाढवता येत नाही.

दुसरा रस्ता कलम 166 चा. तिथं ट्रकचालकाची चूक दाखवावी लागते, आणि भरपाई किती, तर कलम 168 एवढंच म्हणतं की न्यायाधिकरणाला 'न्याय्य' वाटेल ती. एकच शब्द. त्या एका शब्दाचा हिशेब न्यायाधीशांनी बसवला : सरला वर्मा प्रकरणात 2009 मध्ये आणि प्रणय सेठी प्रकरणात 31 ऑक्टोबर 2017 रोजी. समजा कोर्टानं तुमच्या भावाची कमाई महिना 12,000 धरली. चाळिशीच्या आतला, स्वतःच्या कष्टावर जगणारा माणूस, म्हणून पुढच्या वाढीचे 40 टक्के मिळवायचे : 16,800. वर्षाचे 2,01,600. अवलंबून असलेली माणसं चार, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा : 1,51,200. वय 31 ते 35 असलं की 16 नं गुणायचं : 24,19,200. याशिवाय अंत्यविधी, संपत्तीचं नुकसान आणि सहवास गमावल्याची रक्कम वेगळी मिळते. हे गुणक, ही टक्केवारी कायद्याच्या पुस्तकात शोधलीत तर सापडणार नाही. ती नजिरेत आहे आणि बीडपासून लातूरपर्यंत प्रत्येक न्यायाधिकरण तिच्यावरच चालतं.

म्हणून सगळं त्या 12,000 वर येऊन थांबतं. पगारपत्रक नसेना, मुकादमानं दिलेल्या उचलीची नोंद, करारावरचा अंगठा, बँकेत आलेले पैसे, मागच्या हंगामातल्या टनांच्या चिठ्ठ्या, जे असेल ते गोळा करा. उचल कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला मिळते, तेव्हा विमा कंपनीचे वकील अर्धी बायकोची म्हणतील. ते खरंही आहे. पण जोडी मोडली की त्या बाईला कोयत्यावर कुणी घेत नाही. तिची स्वतःची कमाईही त्याच दिवशी थांबली. प्रणय सेठीच्या हिशेबात याला रकाना नाही. मी अशा प्रत्येक अर्जात हा मुद्दा वेगळा परिच्छेद करून लिहिते, तुमच्या वकिलांनाही लिहायला सांगा. एखाद्या दिवशी एखादं पीठ त्यावर निकाल देईल.

अपघात दुसऱ्या जिल्ह्यात झाला असला तरी तुम्ही राहता त्या भागातल्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो, हे कलम 166 मध्येच आहे. त्याच कलमात 1 एप्रिल 2022 पासून सहा महिन्यांची मुदत आलीय. ती दफेतली मुदत आहे, कोर्टाच्या दयेवर सोडू नका. एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल यांच्या नकला आत्ताच काढा, आणि होळीच्या आधी अर्ज दाखल करा.